मागच्या सीटचा बेल्ट, सहा एअरबॅग आणि आमचे बाबा

नवापुरा_नंदन

मंडळी, घरात नवी गाडी घ्यायचं घाटतंय. बजेट दहा ते बारा लाख. माणसं पाच: आई-बाबा, आम्ही दोघं आणि सव्वा वर्षाची लेक. बडोद्यात फिरणं फारसं नाही. खरा वापर गणपतीला आणि दिवाळीला पुण्याला जायचा. कपुराई चोकडीवरून एकदा हायवेला लागलं की भरूच, सुरत, वापी करत मुंबईच्या अंगाने खाली.

शोरूममधला पोरगा दर दुसऱ्या वाक्याला "सर, सहा एअरबॅग" म्हणतो. मागे कोण बसणार, लहान मूल आहे का, हे एकदाही विचारलं नाही त्याने. बाबांचं म्हणणं, "मागे बसून कुणी पट्टा बांधतं का? विमानात बसलोय का मी?" आई म्हणते नात माझ्या मांडीवर बसेल. बायको म्हणते अजिबात नाही. मी मधे.

तर जाणकारांनी सांगा, धडक झाली की माणसाला वाचवतं नेमकं काय? एअरबॅग किती, स्टार किती, आणि मांडीवरच्या प्रकरणाचा निकालही लावून टाका.

रावपुऱ्याचा_खडूस

सहा एअरबॅग म्हणजे ठोकल्यावर सहा ठिकाणी बिल. आमच्या अॅम्बॅसॅडरला कुणी ठोकलं तर नुकसान त्याचं व्हायचं, आम्ही फडक्याने बंपर पुसून पुढे. आताच्या गाडीचा पत्रा अंगठ्याने दाबला तरी खळगा पडतो. पत्रा जाड बघ आणि घे, बाकी सगळी दुकानदारी.

हालोल_लाईन

काका, मी हालोलकडच्या एका कारखान्यात बॉडी शॉपला आहे, म्हणजे दिवसभर हाच पत्रा जोडतो. अंगठ्याने दबतो तो वरचा कातडीचा पत्रा. धडकेशी त्याचा संबंध नावापुरता. बॉनेट उघडून खाली बघा, दोन्ही बाजूंनी दोन लांब चौकोनी नळ्या पुढे गेलेल्या दिसतील. समोरची धडक खातात त्या. त्यांना मुद्दाम खाचा आणि घड्या दिलेल्या असतात, म्हणजे चेपताना त्या ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्रमाने चेपतात. इंजिन मागे सरकलं तर केबिनमध्ये न घुसता खाली जावं अशी मांडणी करतात.

गाडीचं तोंड मऊ आणि माणसांची खोली कडक, ही कल्पना मर्सिडीजच्या बेला बारेनी या इंजिनिअरची. पेटंट १९५०च्या दशकाच्या सुरुवातीचं. १९५९ मध्ये त्या तत्त्वावरची गाडी रस्त्यावर आली. त्याआधी सगळं जग तुमच्यासारखंच म्हणायचं, की गाडी जितकी मजबूत तितका माणूस सुखरूप. गाडी सुखरूप राहायची हे खरं. आतला माणूस स्टिअरिंगच्या दांड्यावर जायचा.

आता खोलीकडे या. ए पिलर म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूचा खांब, बी पिलर म्हणजे पुढच्या-मागच्या दारांमधला. बऱ्याच नव्या गाड्यांत बी पिलरचं पोलाद लालभडक तापवून, दाबून, साच्यातच गार करतात. ते इतकं कठीण होतं की अपघातानंतर माणूस काढायला आलेल्यांच्या कटरलाही जड जातं. पातळ असतं, पण वाकत नाही. जाडी बघून काही कळत नाही, काका.

आणि जुन्या पत्र्याचा निकाल लागून झालाय. अमेरिकेच्या विमा कंपन्यांच्या संस्थेने २००९ मध्ये १९५९ची शेवरोले बेल एअर आणि २००९ची शेवरोले मालिबू या दोन गाड्या ताशी ६४च्या आसपास समोरासमोर आदळवल्या. व्हिडिओ नेटवर आहे, बघाच. बेल एअरची केबिन पार आत कोसळली, आत बसवलेल्या चाचणीच्या बाहुल्याच्या जागी माणूस असता तर गेला असता. मालिबूतल्या बाहुल्याच्या पायाला इजा, बस.

रावपुऱ्याचा_खडूस

अमेरिकेतली झाली. आमची अॅम्बॅसॅडर नव्हती ती.

निवृत्त_फिजिक्स

नंदन, गाडीचं नाव बाजूला ठेवून आधी गणित बघू. सवय जात नाही, सांभाळून घ्या.

ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. दहा मीटर उंचीवरून खाली पडलेल्या वस्तूला जमिनीला टेकताना हाच वेग असतो. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडणं. ताशी १०० असेल तर उंची दुप्पट होत नाही, चौपट होते: ३९ मीटर, तेरा मजले धरा. वेगाचा वर्ग येतो ना मधे! हायवेवर "८० काय नि १०० काय" म्हणणाऱ्यांना सांगते, ८० वरून १०० वर गेलात की गाडीतली ऊर्जा दीडपटीच्या वर जाते.

ही ऊर्जा कुठेतरी जिरायला हवी, आणि किती अंतरात जिरते यावर सगळं ठरतं. समजा गाडीचं तोंड ६० सेंटिमीटर चेपलं आणि तुम्ही बेल्टने गाडीला बांधलेले आहात, तर तुम्हीही साधारण तेवढ्याच अंतरात थांबता. ताशी ५० वरून हिशोब केला तर गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट मंदन येतं. ६० किलोच्या माणसावर जवळजवळ एक टन जोर. लागेल, बरगडीही दुखेल, पण सोसवतं.

बेल्ट नसेल तर? गाडी थांबली, तुम्ही थांबलेला नाहीत. तुम्ही अजूनही ताशी ५०नेच पुढे चाललेले आहात आणि समोर डॅशबोर्ड आहे. तो पाच सेंटिमीटर दबला असं धरा. सोळापटीचे होतात जवळजवळ दोनशे, म्हणजे बारा टन. क्रंपल झोन, म्हणजे हे चेपणारं तोंड, कंपनीने दिलं, तुम्ही पैसे मोजून घेतलं, आणि बेल्ट न लावून ते सगळं फुकट घालवलं.

मांडीचा निकाल याच गणितात आहे. दहा किलोचं मूल गुणिले सोळा, १६० किलो. हे सरासरी झालं, मधला झटका त्याहून मोठा. आजीचे हात कितीही मायेचे असोत, एवढं वजन धरून ठेवायची ताकद पैलवानातही नाही.

अल्कापुरी_आई

बाईंनी शेवटचं वाक्य लिहिलं ते मी प्रिंट काढून सासूबाईंच्या देवघराशेजारी लावणार आहे. 😄

रावपुऱ्याचा_खडूस

बरं, मानलं बाईंचं गणित. पण मग समोर एवढी मोठी एअरबॅग असताना बेल्टची कटकट कशाला? तीच धरेल की.

हालोल_लाईन

काका, एअरबॅगवर एसआरएस लिहिलेलं असतं. त्यातला पहिला एस म्हणजे सप्लिमेंटल, पूरक. बेल्टला पूरक. बेल्ट लावलाय असं धरूनच तिचं टायमिंग बसवलेलं असतं.

क्रम असा. बंपर टेकला. पुढच्या दहा-वीस मिलिसेकंदांत सेन्सरवरून कंट्रोल युनिट ठरवतं की ही धडक आहे, खड्डा नाही. लगेच बेल्टमधला प्रीटेन्शनर उडतो. त्यात बारीकशी दारू असते आणि ती बेल्ट काही सेंटिमीटर मागे खेचते, म्हणजे ढिला पट्टा अंगाला घट्ट होतो. मग एअरबॅगचा इन्फ्लेटर पेटतो, वायू तयार होतो आणि तीसेक मिलिसेकंदांत पिशवी फुगते. तुमचं डोकं पुढे पोहोचतं तोवर ती फुगून भोकांतून हवा सोडायला लागलेली असते. तुम्ही मऊ होत जाणाऱ्या पिशवीत जाता. त्याच वेळी बेल्टमधला लोड लिमिटर थोडा पट्टा सोडतो, बरगड्या मोडू नयेत म्हणून. हे सगळं पापणी लवते न लवते तोवर संपलेलं असतं.

आता बेल्ट नसलेला माणूस घ्या. ब्रेक दाबताक्षणीच तो पुढे सरकलेला असतो, छाती स्टिअरिंगला जवळजवळ टेकलेली. पिशवी ताशी तीनशेच्या आसपास वेगाने बाहेर येते आणि तो तिच्या तोंडात. धरायला आलेली पिशवीच मारते. म्हणून बसतानासुद्धा छातीचं हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत २५ सेंटिमीटर ठेवा, वीतभर आणि वर दोन बोटं. उंचीने कमी असलेल्या बायका सीट फार पुढे घेतात. त्यांनी पाठ थोडी मागे कलती करून अंतर काढावं.

नवापुरा_नंदन

मग सहा एअरबॅग घेतल्या तर आई-बाबा मागे निश्चिंत, असं समजू का?

हालोल_लाईन

नाही. शोरूममधला पोरगा नेमकं हेच सांगत नाही.

सहा कुठे असतात ते मोजा. दोन पुढे, स्टिअरिंगमध्ये आणि डॅशबोर्डमध्ये. दोन पुढच्या सीटच्या कडेला, छातीसाठी. दोन पडद्यासारख्या, छताच्या कडेतून खिडक्यांवर उतरणाऱ्या. यातल्या मागच्या माणसाच्या वाट्याला फक्त पडदा येतो, तोही बाजूने धडक बसली किंवा गाडी उलटली तर. समोरच्या धडकेत मागे बसलेल्याला सहातली एकही एअरबॅग कामाची नाही. मागच्या माणसाकडे बेल्ट आहे, बाकी काही नाही.

सहा एअरबॅग वाईट असं म्हणत नाही मी. बाजूच्या धडकेत दार आणि तुम्ही यांत वीतभर अंतर, चेपायला जागाच नसते. तिथे पडद्याची किंमत फार मोठी. सरकारने सहा सक्तीच्या करायचा मसुदा २०२२ मध्ये काढला, मग मुदत पुढे ढकलली आणि २०२३ मध्ये गडकरींनी सक्ती करणार नाही असं सांगितलं. तरी बऱ्याच कंपन्यांनी सहा देऊनच टाकल्या. घ्या जरूर. पण मागच्या बेल्टला प्रीटेन्शनर आणि लोड लिमिटर आहे का, हे विचारा. पुढे सगळ्यांना देतात, मागे देताना हात आखडतो. माहितीपत्रकात बारीक अक्षरात सापडेल.

पत्रा_आणि_रंग

मकरपुरा जीआयडीसीच्या बाजूला माझं डेंटिंग-पेंटिंगचं काम आहे. हायवेवर ठोकलेल्या गाड्या टोचन करून आमच्याकडे येतात. लाईनवाल्या भाऊंनी कागदावरचं सांगितलं, मी गाडीतलं सांगतो.

विम्याचा सर्व्हेअर यायच्या आधी मी बेल्ट बघतो. लावलेला असताना धडक झाली असेल तर पट्टा बाहेर लोंबत राहतो, आत जातच नाही, प्रीटेन्शनर लॉक झालेला असतो. बकलच्या जिभेवर पट्टा घासून प्लास्टिक वितळल्यासारखी चमक येते. लावलेला नसेल तर पट्टा वर खांबाला एकदम नीट गुंडाळलेला, नवा कोरा. मग मी पुढची काच बघतो. लॅमिनेटेड असते, दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा, त्यामुळे फुटली तरी जागेवर राहते. त्यावर आतून बाहेर आलेला गोल फुगवटा असतो, भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा. कधी त्यात केस अडकलेले असतात. फुगवटा ड्रायव्हरच्या किंवा शेजारच्याच्या समोर असेल तर समजतं. पण कधी कधी तो बरोब्बर मध्यावर असतो. तो मागच्या सीटवर मधे बसलेल्याचा. दोन सीटच्या फटीतून आलेला.

आणि मागचा माणूस पुढच्या सीटवर आदळला तर पुढच्याची सीट पाठीतून वाकते. पुढच्याने बेल्ट लावलाय, एअरबॅग उघडली आहे, सगळं बरोबर, आणि पाठीमागून घरचंच माणूस येऊन आदळलं. नंदनभाई, बाबांना सांगा, पट्टा तुमच्यासाठी नाही बांधायचा, पुढे बसलेल्या मुलासाठी बांधा. असं सांगितलं की म्हातारे लगेच ऐकतात.

निवृत्त_फिजिक्स

शेवटची युक्ती फार आवडली.

वाघोडिया_रोड

याच हायवेचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. ४ सप्टेंबर २०२२, उद्योगपती सायरस मिस्त्री. उदवाड्याहून मुंबईला जाताना पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर गाडी कठड्याला धडकली. गाडी मर्सिडीज, म्हणजे सुरक्षेत काही कमी नव्हतं. पुढचे दोघे जबर जखमी झाले पण वाचले. मागचे दोघे गेले. मागच्यांनी बेल्ट लावलेले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. आपण पुण्या-मुंबईला जाताना त्याच पुलावरून जातो.

त्यानंतर काही दिवस सगळे मागे बेल्ट लावत होते. मग संपलं. नियम तर आधीपासूनच आहे, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर दंड हजार रुपये. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकड्यांत २०२२ मध्ये बेल्ट न लावलेले १६,७१५ जण गेले. त्यात ड्रायव्हर ८,३८४ आणि प्रवासी ८,३३१. जवळजवळ निम्मे निम्मे. आणि आपल्याकडे बेल्ट म्हणजे ड्रायव्हरचं काम.

रावपुऱ्याचा_खडूस

लोक तर बाजारातून ती क्लिप आणतात, बकलमध्ये खोचली की टुंटुं बंद. माझ्या भाच्याच्या गाडीत आहे. शंभर रुपयांत शांतता.

वाघोडिया_रोड

काका, त्या क्लिपांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये कारवाई केली. पाच मोठ्या ऑनलाइन दुकानांवरून मिळून १३,११८ जाहिराती काढायला लावल्या. भाच्याला सांगा. शिवाय गाडीला वाटतं बेल्ट लावलाय, आणि एअरबॅगचा हिशोब त्यावरच चालतो.

अल्कापुरी_आई

आता लहान मुलांचं, कारण नंदनने खरं तर तेच विचारलंय आणि सगळे पत्र्यात रमलेत.

सव्वा वर्षाच्या मुलीला गाडीत एकच जागा: मागची सीट, चाइल्ड सीटमध्ये, तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. उलटं तोंड का? या वयात डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि मान कोवळी. समोरून धडक झाली तर उलट्या सीटमध्ये पाठ, डोकं, मान सगळं एकत्र पाठीत दबतं. तोंड पुढे असेल तर खांदे पट्ट्यात अडकतात आणि डोकं एकटं पुढे फेकलं जातं. युरोपच्या नव्या नियमात निदान पंधरा महिन्यांपर्यंत उलटी सीट सक्तीची आहे. मी तर म्हणते सीटवर लिहिलेल्या वजना-उंचीच्या मर्यादेत मावेल तोवर उलटंच ठेवा. पाय दुमडतात म्हणून आजी हळहळतात, मुलांना काही वाटत नाही, ती मांडी घालून बसतात.

पुढच्या सीटवर, समोर एअरबॅग चालू असताना उलटी चाइल्ड सीट कधीही लावायची नाही. सनव्हायझरवर त्याचं लाल चित्र असतं ते शोभेला नाही. पिशवी थेट सीटच्या पाठीवर आदळते, आणि मुलाचं डोकं तिथेच टेकलेलं असतं.

आयसोफिक्स असलेली गाडी घे. मागच्या सीटच्या फटीत लोखंडी कड्या असतात, त्यात सीट खटकन बसते. बेल्टने बांधायच्या सीट अर्ध्या घरांत ढिल्या बांधलेल्या असतात. बसवल्यावर मुळाशी धरून हलवून बघ, इकडेतिकडे बोटभर हलली तर ठीक, त्याहून जास्त नको. आणि थंडीत जाड जाकीट घालून पट्टे बांधू नकोस. जाकीट दबतं आणि आत सगळं ढिलं. आधी पट्टा, वरून शाल.

रडतात, हे खरं आहे. आमचा सुरतेपर्यंत रडला होता. रडू दे.

मान_सांभाळा

फिजिओथेरपिस्ट आहे. सगळे समोरच्या धडकेवर बोलताय. माझ्याकडे येतात ते सिग्नलवर उभे असताना मागून ठोकलेले. गाडीला ओरखडा आणि माणूस महिनोन्‌महिने मान धरून.

हेडरेस्ट डोकं टेकून झोपायला नसतं. मागून धक्का बसला की सीट पाठीला पुढे ढकलते, डोकं जागेवर राहतं आणि मान मागे मोडते. हेडरेस्टने ते अडवायचं असतं. त्यासाठी त्याची वरची कड डोक्याच्या टोकाशी हवी, निदान कानांच्या वर, आणि डोक्यामागची फट शक्य तितकी कमी. दहा गाड्या बघा, नऊंत हेडरेस्ट पार खाली बसवलेलं, मानेच्या मागे. त्याने मान उलट जास्त मोडते. मागच्या सीटचे तर लोक काढूनच ठेवतात, आरशात नीट दिसत नाही म्हणून.

आणि ते व्हॉट्सअॅपवर फिरतं ना, की हेडरेस्टच्या दांड्या काच फोडायला दिल्यात! त्या उंची कमी-जास्त करायला दिल्यात. काच फोडायला छोटी हातोडी मिळते, ती हाताशी ठेवा.

आजी-आजोबांसाठी आणखी एक. बेल्टचा खालचा पट्टा पोटावरून नाही, कंबरेच्या हाडांवरून. पोटावर आला तर आतडी आणि यकृत सोसतात. आईंना म्हणावं साडीचा पदर पट्ट्याच्या वर काढून घ्या आणि खालचा पट्टा पोटाखाली सरकवा. वरचा खांद्याच्या मध्यावरून. मानेला घासतो म्हणून तो काखेखालून घेणारे खूप. तसा घेतला तर सगळा जोर बरगड्यांवर येतो. बुडाखाली जाड उशी आणि सीट आडवी करून झोपणं, दोन्ही नको. माणूस पट्ट्याखालून घसरतो.

नवापुरा_नंदन

हे सगळं वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "पत्र्यावाला बरोबर बोलतो." बाकी काही नाही म्हणाले. आई गप्प आहे, म्हणजे अजून विचार चालू आहे.

आता स्टारचं सांगा. पाच स्टार म्हणजे पाच स्टार ना?

हालोल_लाईन

हो आणि नाही.

२०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्या आदळवून स्टार देणाऱ्या संस्थेने, भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या पहिल्यांदा आदळवल्या, पाचही शून्यावर. तिथून २०१८च्या डिसेंबरला पाच स्टारवर पोहोचलो, टाटाची नेक्सॉन. आता आपलं स्वतःचं भारत एनकॅप आहे, १ ऑक्टोबर २०२३ पासून. ऐच्छिक आहे, सगळ्या कंपन्यांना सक्ती नाही. समोरची टेस्ट ताशी ६४ला, गाडीचं ४० टक्के तोंड चेपणाऱ्या अडथळ्यावर. बाजूची ५०ला. शिवाय खांबाला बाजूने, ताशी २९. मोठ्यांचे ३२ गुण, मुलांचे ४९. पाच स्टारला अनुक्रमे निदान २७ आणि ४१ लागतात.

बघायचं काय? एक, मुलांचे गुण वेगळे वाच, तुझ्या घरी ते लागू आहेत. दोन, ग्लोबल एनकॅपच्या अहवालात बॉडीशेल स्थिर की अस्थिर लिहिलेलं असतं. अस्थिर म्हणजे याहून जास्त जोर ती खोली झेलणार नाही. एअरबॅग वाढवून गुण ओढता येतात, खोली नंतर मजबूत करता येत नाही. तीन, समोरची टेस्ट म्हणजे साधारण तुझ्याच वजनाच्या गाडीशी धडक. पाच स्टारची छोटी गाडी आणि पाच स्टारची दोन टनांची गाडी समोरासमोर आल्या तर सारख्या नाहीत. बाईंना विचार.

आणि ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, असलेलीच घे. घसरायला लागलेली गाडी एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून सरळ करते. धडक व्हायच्या आधीचं काम तिचं. पावसात वापी-पालघर पट्ट्यात कळेल.

पत्रा_आणि_रंग

यात एक राहिलं. ट्रकच्या मागे घुसलेली गाडी. ती आली की आम्ही बॉनेट बघतच नाही, बॉनेट पुष्कळदा शाबूत असतं. गाडीचं तोंड ट्रकच्या खाली गेलेलं आणि ट्रकचा मागचा लोखंडी पट्टा थेट काचेतून आत. ज्या नळ्या चेपायच्या त्यांना काही लागलंच नाही, सेन्सरला उशिरा कळलं. ट्रकला मागे खाली आडवा बार असायला हवा, नियम आहे, पण कितींचा वाकलेला, कितींचा वर बांधलेला. तिथे ना स्टार ना एअरबॅग. रात्री निघू नका, डाव्या बाजूला अंधारात उभे असतात, ना दिवा ना रिफ्लेक्टर.

आणि बुलगार्ड बसवू नका, पाया पडतो. पुढे लोखंडी पाईप लावला की जोर नळ्यांवर ठरल्यासारखा येत नाही. केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला कळवलंय. तरी लोक येतात, "भाई, मजबूत लगावजो." मी लावत नाही. समोरचा गॅरेजवाला लावतो.

करेलीबाग_९०

माझं बजेट कमी आहे, जुनी घेतोय. ठोकलेली आहे की नाही कसं ओळखायचं?

पत्रा_आणि_रंग

चावी फिरवा, इंजिन चालू करू नका. एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे, काही सेकंदांनी विझला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब काढलाय किंवा वायर कापलीय. लागून राहिला तर बिघाड. पण विझला म्हणजे सगळं ठीक असंही नाही. उघडलेली एअरबॅग बदलायचा खर्च मोठा, म्हणून काही लोक आतल्या वायरीला रेझिस्टर जोडून गाडीला फसवतात आणि वरून कव्हर चिकटवतात. स्टिअरिंगचं मधलं झाकण आणि डॅशबोर्डची रेषा निरखून बघा, रंगाचा फरक, कडेला उचकटल्याची खूण. मग सगळे बेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा. मुळाशी कारखान्याचं लेबल असतं, त्यावर तारीख असते. गाडी २०१८ची आणि बेल्ट २०२२चा असेल तर विचारा का बदलला. कॉम्प्युटरला लावून स्कॅन केली तर आणखी कळेल, ओळखीच्या माणसाकडे करा.

आणि जुनी गाडी असेल तर ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरचं रिकॉल आहे का, चेसिस नंबर टाकून कंपनीच्या साइटवर बघा. उष्ण दमट हवेत त्यातलं रसायन बिघडायचं आणि धातूचे तुकडे उडायचे. जगभरात कोट्यवधी परत बोलवले. आपल्याकडची हवा त्याला अगदी पोषक.

नवापुरा_नंदन

शेवटचे दोन प्रश्न. शोरूमवाले सीट कव्हर फुकट देतायत. आणि आईला डॅशबोर्डवर गणपती हवाय, पुढच्या प्रवाशासमोर, मधोमध.

हालोल_लाईन

पुढच्या सीटना आधी नको म्हण. बाजूची एअरबॅग सीटच्या कडेतून बाहेर येते, साधं कव्हर तिला दाबून धरतं. एअरबॅगसाठी सैल शिलाई ठेवलेली कव्हर मिळतात, घ्यायची तर तीच.

पत्रा_आणि_रंग

मागच्या सीटला तर अजिबात नको. कव्हर चढवणारा पोरगा मागची बकलं आत दाबून वरून कापड ताणतो. मग बाबा एखाद दिवशी बेल्ट लावायला तयार होतील आणि बकलच सापडणार नाही. टॅक्सीत बघा, सगळीकडे हेच. डिलिव्हरी घ्यायच्या दिवशी तुम्ही स्वतः मागे बसा आणि तिन्ही जागांचे बेल्ट लावून बघा. मधल्याचा खांद्यावरून येतो की नुसता कंबरेचा तेही बघा.

गणपती त्या बाजूला नको. झाकण उघडलं की मूर्ती आधी उडते, आणि समोर तुमची बायको बसलेली. ड्रायव्हर आणि प्रवासी यांच्या मधे, एसीच्या जाळीखाली सपाट जागा असते, तिथे लहानशी चिकटवा. मऊ रबराची मिळते, मांडवीला.